‘काहीच घडत नाही’ म्हणणाऱ्यांना, आणि ‘वा!’ म्हणणाऱ्यांनाही

प्रति,
अध्यक्ष, कार्यकारिणी आणि सर्व सभासद,
आपले चित्रपट मंडळ

सप्रेम नमस्कार.

वार्षिक सभेची सूचना मिळाली. हिशेब, प्रोजेक्टरची दुरुस्ती, वर्गणीत वाढ हे नेहमीचे विषय संपल्यावर विषय क्रमांक पाच असा आहे: ‘मंडळातर्फे यापुढे अतिसंथ व दुःखी आशयाचे चित्रपट दाखवू नयेत, तसेच बारा वर्षांखालील मुलांना फक्त बालचित्रपटांना प्रवेश द्यावा, याबाबत विचार करणे.’ हा विषय कुठून आला हे सगळ्यांना ठाऊक आहे. ‘किल्ला’ दाखवला त्या रविवारी मंगल कार्यालयाच्या पडवीत चहा गार होईपर्यंत जे भांडण झालं, ते आता टाइप होऊन, क्रमांक लागून आलं आहे.

सभेत प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात. माझं म्हणणं तेवढ्यात बसणार नाही, आणि उभी हयात शाळेत शिकवण्यात गेल्यामुळे बोलताना मधे कुणी बोललेलं मला सोसत नाही. म्हणून हे पत्र. अध्यक्षांना एक प्रत दिली आहे, दुसरी सूचनाफलकावर लावते आहे. ती कुणी काढू नये.

जे त्या दिवशी आले नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अविनाश अरुण या दिग्दर्शकाचा हा पहिला चित्रपट. २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला, २०१५च्या जूनमध्ये आपल्याकडे थिएटरात लागला, आणि उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. चिन्मय नावाचा अकरा वर्षांचा मुलगा. वडील गेलेले. आई सरकारी नोकरीत, तिची बदली कोकणातल्या एका लहान गावात होते. नवी शाळा, नवी मुलं, त्यात बंड्या नावाचा एक अफाट प्राणी. समुद्र, पाऊस, सायकली. मुलं शर्यत लावून किल्ल्यावर जातात, तिथे वादळी पावसात चिन्मय एकटा अडकतो, आणि बाहेर येऊन बघतो तर मित्र त्याला टाकून निघून गेलेले. तो त्यांच्याशी बोलणं टाकतो. तिकडे आईला ऑफिसात एका प्रकरणाचा ताप होतो. हळूहळू मुलाचं मन गावात रुजायला लागतं, तोच पुन्हा बदली. एवढंच.

‘एवढंच’ हा शब्द पडवीत फार वेळा ऐकू आला. ‘काहीच घडत नाही हो.’ ‘मुलगा नुसता बघत बसतो.’ ‘शेवटपर्यंत वाट पाहिली, आता काहीतरी होईल, आता होईल.’ दुसऱ्या बाजूला ‘काय छायाचित्रण!’, ‘बर्लिनला बक्षीस मिळालंय म्हटल्यावर!’ आणि ‘ज्यांना कळत नाही त्यांनी येऊ नये.’ हे शेवटचं वाक्य ज्यांनी उच्चारलं त्यांच्यामुळेच विषय क्रमांक पाच जन्माला आला, अशी माझी समजूत आहे. कुणाला अडाणी ठरवलं की तो ठरावानेच उत्तर देतो.

मुद्द्याला हात घालण्याआधी आवाजाचं बोलते. मंगल कार्यालयातले स्पीकर सनई आणि ‘वधूपक्षाने लवकर यावे’ यासाठी लावलेले आहेत. वर पंखे घरघरतात, मागे स्वयंपाकघरात भांडी आपटतात. अशा जागी तो सिनेमा दाखवला, ज्यात माणसं एकमेकांशी घरातल्या आवाजात बोलतात आणि बराच वेळ फक्त पाऊस नाहीतर समुद्र ऐकू येतो. मागच्या पाच-सहा रांगांना अर्धे संवाद ऐकूच गेले नाहीत. मी स्वतः मागे जाऊन उभी राहिले होते, म्हणून सांगते. ज्याला ऐकू आलं नाही तो ‘काही कळलं नाही’ म्हणाला तर तो अरसिक ठरत नाही. तेव्हा विषय पाचच्या आधी विषय तीनमध्ये, प्रोजेक्टरबरोबर, दोन बरे स्पीकर घालावेत. निम्मा वाद तिथेच मिटेल.

उरलेला निम्मा मात्र स्पीकरने मिटणारा नाही.

ठरावात ‘दुःखी आशयाचे’ असा शब्द आहे. मला तो पटत नाही, कारण आपल्या लोकांना दुःखाचं वावडं कधीच नव्हतं. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक ज्या चित्रपटाला मिळालं तो मराठी होता, अत्र्यांचा ‘श्यामची आई’. एका मुलाचं बालपण आणि त्याच्या आईचा मृत्यू. १९५३ सालचा हा सिनेमा आपल्यापैकी ज्येष्ठांनी किती वेळा पाहिला असेल याची गणती नाही. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा तो मान दुसऱ्यांदा मराठीकडे यायला पन्नास वर्षं लागली. मिळाला तो संदीप सावंतांच्या ‘श्वास’ला. त्यातही एक लहान मुलगा. डोळ्याच्या कर्करोगाने त्याची दृष्टी जाणार आहे, आणि ऑपरेशनच्या आधी आजोबा त्याला हॉस्पिटलबाहेर नेऊन जग दाखवून आणतात. तो ऑस्करला जायचा म्हटल्यावर लोकांनी वर्गणी काढली. याच मंडळात ‘श्वास’ दाखवला तेव्हा खुर्च्या कमी पडल्या होत्या, आणि पडवीत कुणी भांडलं नव्हतं. सगळे नाक पुसत घरी गेले.

मग ‘किल्ला’ला काय झालं? त्यात तर कुणी आपल्यासमोर मरतही नाही. वडील सिनेमा सुरू होण्याआधीच गेलेले आहेत.

माझं उत्तर असं, आणि हेच सांगायला मी लिहायला बसले: आपली तक्रार दुःखाबद्दल नाही, न बोललेल्या दुःखाबद्दल आहे. ‘श्यामची आई’मध्ये दुःख स्वतःचं नाव सांगून समोर येतं. आई बोलते, श्याम बोलतो, आपल्याला कधी रडायचं ते नीट कळतं. ‘श्वास’मध्ये डॉक्टर आजोबांना समोर बसवून सांगतात, आणि आपण आजोबांच्या खांद्यावर डोकं ठेवतो. रडून झालं की मोकळं वाटतं. ते दोन्ही चित्रपट मला प्रिय आहेत, त्यांना मी काही कमी लेखत नाही. ‘किल्ला’ तो मोकळेपणा देत नाही. चिन्मय आईच्या कुशीत शिरून ‘मला बाबांची आठवण येते’ असं एकदा म्हणाला असता, मागे सारंगी वाजली असती, तर पडवीतले दोन्ही पक्ष एकाच रुमालात रडले असते. तो म्हणत नाही. तो मित्रांवर चिडतो.

आता यात ‘काहीच घडत नाही’ असं ज्यांना वाटलं, त्यांना मी शाळेत घेऊन जाते.

आपल्याकडे घरात माणूस गेलं की मोठ्यांसाठी सगळं ठरलेलं असतं. दहावा, तेरावा, मासिक, वर्षश्राद्ध. कोण कधी भेटायला येणार, कधी गोड करायचं, कुठल्या सणाला आकाशकंदील लावायचा नाही, सगळ्याला रीत आहे. रीत बरी असते, रडायला तारीख मिळते. मुलांना त्यात जागा नसते. प्रेत नेताना त्यांना शेजारी पाठवतात, टीव्ही लावून देतात. ‘बाबा देवाघरी गेले’ हे एकदा सांगितलं की सांगण्याचं काम संपलं. मग तेराव्यानंतरच्या सोमवारी ते मूल दप्तर घेऊन वर्गात येऊन बसतं. बाईंनी हजेरी घ्यायची, मुलाने ‘हजर’ म्हणायचं. पहिले काही दिवस सगळा वर्ग त्याच्याशी फार गोड वागतो, स्वतःच्या डब्यातलं देतो. नंतर विसरतो. मुलंच ती.

आणि ते मूल काय करतं? मोठ्या माणसासारखं दिवसभर खिन्न बसत नाही. मधल्या सुट्टीत कबड्डी खेळतं, हसतं, दंगा करतं. बघणाऱ्या आत्या-मावश्या म्हणतात, ‘बरं आहे, लहान आहे, त्याला काही कळत नाही.’ त्याला सगळं कळतं. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला मृत्यू म्हणजे काय, गेलेलं माणूस परत येत नाही आणि आपल्यालाही एक दिवस जायचं आहे, हे समजलेलं असतं. फक्त त्या समजुतीजवळ ते फार वेळ थांबू शकत नाही. तिथे जातं, पळून येतं, पुन्हा जातं. मग एखाद्या दिवशी भलत्याच गोष्टीवरून फुटतं. कुणी पट्टी परत दिली नाही म्हणून, खेळात दुसऱ्या संघात घातलं म्हणून, ‘थांब’ म्हणून कुणी थांबलं नाही म्हणून. एवढ्याशा कारणाला एवढा राग कशाला, असं आपल्याला वाटतं. स्टाफरूममध्ये अशा मुलांबद्दल ‘हल्ली फार उद्धट झालाय’ हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. वडिलांना जाऊन वर्ष-दीड वर्ष झालेलं असतं, त्यामुळे दोन गोष्टींचा संबंध कुणी जोडत नाही.

आता तो किल्ल्यावरचा प्रसंग आठवा. मित्र टाकून गेले. बंड्या आणि त्याच्या टोळीच्या हिशेबी ती एक गंमत, पाऊस आला, पळालो. चिन्मयच्या हिशेबी? ज्याच्या वडिलांनी कसलीही पूर्वसूचना न देता त्याला मागे ठेवलं, त्या मुलाला पुन्हा एकदा, रिकाम्या दगडी भिंतींमध्ये, पावसात, कुणीतरी मागे ठेवून गेलं. तो जो अबोला धरतो तो बंड्याशी नाहीच. वडिलांवर रागावता येत नाही, कारण गेलेल्या माणसावर रागावणं पाप असतं, आणि आईवर रागावलं तर ती रडेल. मग रागवायला उरतं कोण? चार मित्र. पडद्यावर यातलं एक अक्षर कुणी बोलत नाही. पण त्या अर्ध्या तासात ‘काहीच घडत नाही’ असं म्हणणं मला जमत नाही. माझ्या मते आख्ख्या सिनेमात घडायचं ते तिथेच घडतं.

हे केवळ एका बाईंचं वर्गातलं निरीक्षण आहे असं कुणी म्हणेल, म्हणून एक अभ्यास सांगते. अमेरिकेत बॉस्टनच्या परिसरात वर्डेन आणि सिल्व्हरमन या दोन संशोधकांनी आई किंवा वडील गमावलेल्या १२५ मुलांचा माग दोन वर्षं ठेवला. बहुतेक मुलं सावरताना दिसली. पण काही मुलांचा त्रास पहिल्या वर्षात दिसलाच नव्हता, तो दुसरं वर्ष सरता सरता वर आला. म्हणजे आपलं वर्षश्राद्ध उरकतं, घर ‘आता मार्गी लागलं’ म्हणतं, तेव्हा काही मुलांचं नुकतं सुरू होत असतं. ‘किल्ला’ने मृत्यू, स्मशान, तेरावा हे सगळं वगळून गोष्ट नेमकी त्यानंतर सुरू केली आहे. भेटायला येणारे संपलेत, सामान बांधून झालंय, नव्या शाळेत नाव घातलंय, आणि त्या गावात कुणालाच हा मुलगा आधी कसा होता ते माहीत नाही. बदलीच्या नोकरीतल्या घरांना हे सांगायला नको. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तन: चांगले’ एवढंच येतं.

बरं, आईचं काय? पडवीत एका ताईंनी म्हटलं की ती आई फार कोरडी आहे, मुलाला जवळ घेत नाही. मला त्या वाक्याचा राग आला होता, तो अजून गेलेला नाही. अमृता सुभाषने ती बाई ज्या तऱ्हेने उभी केली आहे ती माझ्या ओळखीची आहे. सकाळी डबा, ऑफिस, साहेबाची मर्जी, फायलींवरची सही, परक्या गावात एकट्या बाईकडे बघणाऱ्या नजरा, आणि घरी आल्यावर न बोलणारा मुलगा. ती कोसळली तर घर कोण चालवणार? तिलाही रडायचं आहे, पण मुलासमोर नाही. मुलालाही रडायचं आहे, पण आईसमोर नाही. एकमेकांना जपण्याच्या नादात दोघं एकमेकांपासून लपतात. असली घरं आपल्या गावात आहेत, आपल्या आळीत आहेत. त्या बाईला कोरडी म्हणण्याआधी तिच्या जागी महिनाभर राहून बघावं.

आता स्तुती करणाऱ्यांकडे वळते, कारण त्यांना मी अजून हातही लावलेला नाही.

‘काय छायाचित्रण!’ म्हणणारे आपले सभासद मध्यंतरात कोकणातल्या होमस्टेचे दर एकमेकांना विचारत होते. हे मी कानांनी ऐकलं. त्यांनी एका पोरक्या मुलाचा सिनेमा पाहिला की पर्यटन महामंडळाची जाहिरात, कुणास ठाऊक. दिग्दर्शक पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये छायालेखन शिकलेला, कॅमेराही त्याचाच, त्यामुळे चित्रं देखणी असणारच. पण ‘देखणा आहे’ म्हणून सुटका करून घेणं हे ‘संथ आहे’ म्हणून सुटका करून घेण्यापेक्षा फार वेगळं नाही. दोन्ही पक्ष त्या मुलाच्या बाजूला येऊन बसायचं टाळतात. एक घड्याळ बघतो, दुसरा क्षितिज.

आणि बक्षिसाचा धाक तर अजिबात दाखवू नये. परदेशात मान मिळाला म्हणून आपल्याला आवडलंच पाहिजे असा काही नियम नाही. त्या बक्षिसाबद्दल सांगण्यासारखं आहे ते निराळंच, आणि ते पडवीत कुणीच सांगितलं नाही. त्याकडे येते.

आधी विरोधकांचे जे मुद्दे मला पटतात ते नोंदवते, म्हणजे मी ‘वा’वाल्यांची वकील आहे असं वाटायला नको. आईच्या ऑफिसातलं प्रकरण मला घाईत आटोपल्यासारखं वाटलं. मुलाच्या जगाला सिनेमा जेवढा वेळ देतो तेवढा आईच्या संकटाला देत नाही, म्हणून तिची दुसरी बदली कागदावरून आल्यासारखी येते. हा दोष आहे. दुसरं, आपल्या मंडळातल्या एका जुन्या सभासदांनी शांतपणे एक वाक्य म्हटलं होतं, जे गोंधळात वाहून गेलं: ‘दुःख इतकं सुंदर दिसतं का?’ त्या संध्याकाळी बोलली गेलेली ही सगळ्यात चांगली हरकत. कोकणातला पाऊस म्हणजे कुबट वास, न वाळणारी शाळेची चड्डी, भिंतीला आलेली बुरशी, गेलेली वीज. पडद्यावरचा पाऊस बहुतेक वेळा फार धुतलेला, फार हिरवा आहे. काही वेळा वाटतं की कॅमेरा मुलाबरोबर आहे, काही वेळा वाटतं की तो मुलाला विसरून आभाळ बघतोय. यावर मी अजून विचार करते आहे. माझं तात्पुरतं मत असं, की त्या वयात गाव तसंच दिसतं. मोठेपणी आठवणीत तर आणखीच तसं दिसतं. पण हे मत मी कुणाच्या गळी उतरवणार नाही. या एका वाक्यावर आपण तासभर बोललो असतो तर त्या संध्याकाळचं सोनं झालं असतं. आपण त्याऐवजी कोण अडाणी यावर बोललो.

मुलांच्या प्रवेशाचं. ठराव मांडणाऱ्या पालकांची काळजी खोटी नाही. ‘मुलांवर परिणाम होतो’ हे त्यांचं म्हणणं. होतो ना, व्हायलाच हवा. त्या दिवशी पुढच्या सतरंजीवर जी मुलं बसली होती ती बंड्याच्या प्रत्येक वाक्याला खिदळत होती. पार्थ भालेराव नावाच्या त्या मुलाला राष्ट्रीय पुरस्कारांत खास दाद मिळाली होती, ती उगीच नव्हे. किल्ल्यातला पाऊस सुरू झाला तशी सतरंजी गप्प झाली. मागे मोठी माणसं घड्याळ बघत होती तेव्हा पुढे एकही मूल हललं नाही. सिनेमा संपल्यावर एका मुलीने मला विचारलं, ‘आजी, त्याने मित्रांना त्याच्या बाबांचं का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर ते थांबले असते.’ आपल्यापैकी कुणी एवढा नेमका प्रश्न विचारला? मी तिला उत्तर दिलं नाही, तुला काय वाटतं असं विचारलं. तिने बराच विचार केला आणि म्हणाली, ‘मग ते त्याच्याशी मुद्दाम चांगलं वागले असते. त्याला ते नको असेल.’

आता बर्लिनचं. तिथल्या महोत्सवात मुलांसाठीच्या चित्रपटांचा एक वेगळा विभाग असतो, आणि त्यात ‘क्रिस्टल बेअर’ नावाचं बक्षीस देतात ते मोठे समीक्षक नव्हेत, मुलं. तिथल्या शाळांत जाणारी अकरा ते चौदा वर्षांची मुलं परीक्षक म्हणून बसतात, सगळे चित्रपट पाहतात, आपापसात भांडतात आणि ठरवतात. २०१४ साली त्या मुलांनी ‘किल्ला’ निवडला. ज्यांना मराठी येत नाही, ज्यांनी कोकण पाहिलेलं नाही, तहसील म्हणजे काय हे ज्यांना माहीत असण्याचं कारण नाही, अशा मुलांनी. चिन्मयच्याच वयाच्या. आणि आपण इथे ठराव करतो आहोत की आपल्या मुलांना हा चित्रपट झेपणार नाही. कार्यकारिणीने ही गोष्ट इतिवृत्तात नोंदवावी अशी विनंती.

शिवाय ‘आपली मुलं’ म्हणजे कोण? २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं आठवा. राज्यात हजारो मुलांचे आई किंवा वडील त्या साथीत गेले. ज्यांचे दोघेही गेले त्यांच्या नावावर सरकारने पाच-पाच लाखांची ठेव ठेवली. ते योग्यच झालं. पण ती मुलं आज आपल्याच गावातल्या शाळांत, ट्यूशनला, क्रिकेटच्या मैदानावर आहेत, आणि ठेवपावतीत त्यांच्या अबोल्याची काही सोय नाही. त्या रविवारी सतरंजीवर त्यांतली दोन-तीन तरी होती. नावं मी सांगणार नाही, तुम्ही विचारूही नका. बारा वर्षांखालच्यांना दारात अडवायचं म्हणजे त्यांनाच अडवायचं. बाकीच्यांना विनोदी सिनेमा टीव्हीवर रोज मिळतो. ‘माझ्यासारखाच कुणीतरी आहे आणि तो वेडा नाही’ हे दाखवणारी गोष्ट कुठे मिळते?

आणि जे मध्येच उठून गेले त्यांच्याबद्दल. कार्यकारिणीने ‘चौदा प्रेक्षक मध्यंतरानंतर परतले नाहीत’ असं सूचनेच्या खाली पुरावा म्हणून छापलं आहे. दारात उभं राहून मोजणाऱ्यांच्या तत्परतेचं कौतुक आहे. पण उठून गेलेल्या प्रत्येकाला कंटाळा आला होता असं धरू नका. त्यांतल्या एकांना मी ओळखते. त्यांना सिनेमा संथ वाटला नाही, फार जवळून जाणारा वाटला. बाहेर कट्ट्यावर ते एकटे बसले होते, आत गेले नाहीत, घरीही गेले नाहीत. मी चहा नेऊन दिला, आम्ही पावसाबद्दल बोललो. तुमच्या चौदाच्या आकड्यात तेही धरलेले आहेत. सिनेमा आवडला नाही म्हणून जाणं आणि सोसवला नाही म्हणून जाणं यांत फरक आहे, आणि तो दारात उभं राहून मोजता येत नाही. दोन्ही प्रकारच्या माणसांना बिनबोभाट उठून जाता यावं, ही मात्र सोय हवी. कडेचा दिवा चालू ठेवा, दार करकरतं त्याला तेल घाला, आणि परत आत येणाऱ्याला ‘काय झालं?’ असं कुणी विचारू नका.

मंडळाकडे माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे. विषय पाच मागे घ्यावा. तो मतदानाला आलाच तर माझं मत विरोधात धरावं, मी हजर असेनच. स्पीकरचं वर लिहिलं आहे. चित्रपटानंतरची चर्चा पडवीत न करता आत, खुर्च्या गोल मांडून करावी, आणि पहिली वीस मिनिटं फक्त मुलांनी बोलावं. त्यांचं झाल्याशिवाय मोठ्यांनी तोंड उघडायचं नाही, चहासुद्धा नंतर. ‘ज्यांना कळत नाही’ असं जो म्हणेल त्याने पुढच्या वेळी सतरंज्या घालाव्यात.

शेवटची सूचना पुढच्या चित्रपटाची. उमेश कुलकर्णी यांचा ‘विहीर’, २०१० साली आलेला. नात्याने भाऊ असलेली दोन जिवाभावाची पोरं, लग्नघर, लपाछपी, आणि मग त्यातलं एक पोर विहिरीत सापडतं. उरलेला भाऊ पुढचा सगळा सिनेमा त्याला शोधत हिंडतो. तो ‘किल्ला’पेक्षाही संथ आहे, आणि त्यात बंड्याही नाही, हे आधीच सांगून ठेवते म्हणजे नंतर तक्रार नको. हा मात्र थोड्या मोठ्या मुलांसाठी, आठवीच्या पुढच्या. माझ्या मनात मुलांचं वय मोजायचंच नाही असं काही नाही, ते प्रत्येक चित्रपटागणिक वेगळं मोजावं एवढंच. त्याचा उत्तरार्ध मला स्वतःला दोनदा पाहूनही पुरता पटलेला नाही. म्हणूनच तो सगळ्यांबरोबर बघायचा आहे. मंगल कार्यालयाची तारीख लग्नसराईच्या आत घ्यावी लागेल. भाड्याचं बघायला मी तयार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक आजीव सभासद
(निवृत्त प्राथमिक शिक्षिका)

ता. क. सभेच्या सूचनेत ‘दुःखी आशयाचे’ लिहून कार्यकारिणीने ‘श्यामची आई’ही बाद केली आहे, हे लक्षात आलं नसावं. दरवर्षी डिसेंबरात साने गुरुजी जयंतीला आपण तीच दाखवतो.